जहाज यायच्या आधी

त्या मंगळवारी सकाळी पेपरात जहाजाच्या सिनेमाची जाहिरात आली होती. पान सगळं काळं, मधोमध एक बारीक पांढरा ठिपका, आणि खाली एवढंच, 'शुक्रवारपासून'. मी कात्रीने ती नीट कापली, पर्समध्ये ठेवली आणि बँकेत गेले. जेवणाच्या सुट्टीत औंधला जाऊन हेमंतला ती दाखवायची असं ठरवलं होतं. सिनेमाची तारीख तेवढी त्याला आधी कळलेली चालायची, बाकी काहीही कळलेलं चालायचं नाही. काउंटरवर एक पेन्शनर आजोबा पासबुक भरून घेत होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मेघना होती, हेमंतची बायको. ती शांतपणे म्हणाली, "ताई, या. घाई नका करू." आजारी माणसाच्या घरून फोन येतो आणि घाई करू नका म्हणतात, तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलेलं नसतं. मी फोन ठेवला. आजोबा म्हणाले, "मॅडम, छपाई फिकट आली आहे." मी प्रिंटरची रिबन बदलली, त्यांचं पासबुक पुन्हा भरून दिलं, ते त्यांनी तपासून घेतलं, आणि मग मी रिक्षा करून माझ्या धाकट्या भावाच्या घरी गेले.

हेमंतबरोबर काम केलेली माणसं त्याच्याविषयी चांगलंच बोलतील. हिंजवडीतल्या त्याच्या कंपनीतली पोरं दहाव्याला आली होती, त्यातली दोघं-तिघं तर हमसून रडत होती. तो कामाला वाघ होता, कुणावर ओरडायचा नाही, हे सगळं खरंच आहे. पण मला त्याच्याविषयी जे सांगायचं आहे ते एका इंग्रजी सिनेमाच्या मालिकेविषयी आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने मेलेल्या भावाबद्दल लिहायला बसावं आणि अंतराळातल्या जहाजाच्या गोष्टी सांगाव्यात, याला हसायला हरकत नाही. आमच्या घरातही हसायचे.

हेमंत माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आम्ही शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. वडील शाळामास्तर आणि घरातही मास्तरच. कॅम्पातल्या थिएटरात मुलाने एकट्याने जायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. मी तेव्हा नुकतीच बँकेत लागले होते आणि पगार आणत असल्यामुळे माझ्या शब्दाला घरात थोडी किंमत आली होती. म्हणून सातवीतल्या हेमंतला घेऊन मी, चांगली इस्त्रीची साडी नेसून, सिटी बसने कॅम्पात गेले. पर्समध्ये क्रोशाची सुई आणि दोरा घेतला होता, अंधारातही विणता येईल अशी सोपी वीण होती. पहिली दहा मिनिटं विणलं. नंतर सुई मांडीवर तशीच राहिली.

गोष्ट अशी होती. पृथ्वीवरून एक प्रचंड जहाज निघालेलं आहे. त्यात हजारो माणसं झोपवून ठेवली आहेत, आणि जागी आहेत ती फक्त पाच-सहा. राहायला नवी जागा शोधत ती चालली आहेत आणि त्यांच्या मागे एकेक तारा विझत येतो आहे. का विझतो, कोण विझवतं, कुणालाच कळत नाही. शेवटी जहाजावरचा एक म्हातारा खिडकीशी उभा राहून मागे वळून बघतो, तारे मोजतो, पुन्हा मोजतो, आणि एक कमी भरतो. तिथे सिनेमा संपला. त्या लोकांचं इंग्रजी मला अर्धं कळत होतं, हेमंतला त्याहून कमी, त्यामुळे आम्ही त्यांना आमचीच नावं दिली होती... म्हातारा, टकल्या, लाल केसांची. दिवे लागले तरी हेमंत खुर्चीतून उठेना. "ताई, पुढे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पुढे काय, बस पकडायची. पण बसमध्ये खिडकीजवळ बसल्यावर मीसुद्धा मान बाहेर काढून आकाशाकडे बघितलं होतं, हे त्याने पाहिलं आणि जन्मभर लोकांना सांगितलं.

पुढचा भाग यायला काही वर्षं लागली. तेव्हा इंग्रजी सिनेमा अमेरिकेत लागल्यावर पुण्यात यायला वर्ष-दीड वर्ष सहज जायचं. दर रविवारी हेमंत सायकल मारत कॅम्पात जायचा आणि थिएटरच्या काचेच्या कपाटात 'येत आहे'खाली कुठले फोटो लावलेत ते बघून परत यायचा. नाही लागला अजून, एवढंच येऊन सांगायचा आणि जेवायला बसायचा. वडील म्हणायचे, एवढी चिकाटी गणितात दाखवली असतीस तर. त्याने गणितातही दाखवली, पण त्याचं कौतुक त्यांनी केलं नाही. ती त्यांची पद्धतच नव्हती.

आणि एके दिवशी लागला. आदल्या संध्याकाळी मी दडपे पोहे केले. ताटल्या घेऊन आम्ही दोघं गॅलरीत बसलो आणि हेमंत म्हणाला, आधी उजळणी करू. मग पहिला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याने तोंडी सांगितला. नंतर म्हणाला, आता अंदाज. उद्या काय होईल ते तू सांग, मी सांगतो. त्याचा अंदाज नेहमी लांबलचक असायचा, त्यात नवे ग्रह असायचे, यंत्रं असायची, आणि तो नेहमी साफ चुकायचा. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. मी एवढंच सांगायचे की या वेळी कोण मरणार. आणि ते बरोबर यायचं. हेमंतला याचं भारी आश्चर्य. मी म्हणायचे, अरे, मी कर्ज खात्यात बसते, कोण बुडणार ते मला चेहऱ्यावरून कळतं. गंमत म्हणून बोलायचे, पण त्यात खोटं फारसं नव्हतं. पडद्यावर एखादा माणूस जरा निवांत हसायला लागला, घरच्यांची आठवण काढायला लागला, की मला कळायचं. हा गेला, असं मी हेमंतच्या कानात सांगायचे आणि तो माझा हात घट्ट धरायचा.

उजळणी, दडपे पोहे, अंदाज. पुढे प्रत्येक भागाच्या आदल्या संध्याकाळी हे ठरलेलं झालं. हेमंत इंजिनिअर झाला, सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे एका कारखान्यात लागला, तरी हे चुकलं नाही. त्या कारखान्यात त्याच्या हाताखाली लोणी काळभोरचा बबन नावाचा फिटर होता. तोवर गावोगावी व्हिडिओ पार्लर निघाली होती. चौथा भाग पुण्यात यायचा होता आणि बबनच्या गावात त्याची चोरून काढलेली कॅसेट येऊन पोचली होती. बबनने मोठ्या प्रेमाने आमंत्रण दिलं, "चला की साहेब संध्याकाळी. समदं दिसतंय, निस्ती पुढच्या मान्सांची डोकी आडवी येत्यात." हेमंतने हात जोडून नको म्हटलं. बबनला वाटलं, साहेब परके मानतात. म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः सिनेमा बघून येऊन डबा खाता खाता त्याने आपणहून सांगून टाकलं, "त्यो म्हातारा हाय ना, त्यो जातोय शेवटाला." हेमंतने डबा बंद केला. बबनवर तो कधीच रागावला नाही, पण घरी येऊन दोन दिवस नीट बोललाही नाही.

तो भाग आम्ही बघितला. बाहेर पडल्यावर हेमंत मला जे म्हणाला ते माझ्या डोक्यातून कधीच गेलं नाही. "ताई, म्हातारा सगळा वेळ हसत होता गं. सगळ्यांना हसवत होता. आणि थिएटरात मला एकट्याला माहीत होतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं मला." त्या दिवसापासून नियम पक्का झाला. आधी काही बघायचं नाही, वाचायचं नाही, कुणाकडून ऐकायचं नाही. फक्त तारीख.

नंतर जग फारच जोरात बदललं. घरी केबल आली. रस्त्यावरच्या स्कूटरच्या जागी मोटारी आल्या. हेमंतने कारखाना सोडला, संध्याकाळचे कोर्स करून सॉफ्टवेअरमध्ये शिरला आणि हिंजवडीला जायला लागला. वडील म्हणाले, लोखंड हाताला तरी लागतं, हे काय करतोस ते दिसत पण नाही. आता नव्या सिनेमाची बित्तंबातमी कंप्युटरवर घरबसल्या मिळत होती, सिनेमा अमेरिकेत आणि पुण्यात एकाच दिवशी लागायला लागला होता. पूर्वी आम्ही वाट बघायचो कारण दुसरा इलाज नव्हता. आता वाट बघणं ही हेमंतने मुद्दाम सांभाळलेली गोष्ट झाली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणी जहाजाचा विषय काढला की तो ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचा. त्याच्या टीममध्ये अमरावतीची एक खट्याळ मुलगी होती, ती त्याला धमकी द्यायची, "सर, रजा नाही दिली तर सांगून देईन मी." तिला रजा मिळायची. मेघनाशी लग्न ठरलं तेव्हा त्याने तिला हा नियम आधी सांगितला आणि ती म्हणाली, एवढंच ना. मेघनाला जहाजाचं काडीचं प्रेम नव्हतं. पण ती उजळणीला बसायची, नंतर त्यांची इरा झाली तीही बसायला लागली.

मला विचाराल तर सिनेमे काही फार थोर नव्हते. दोन भाग तर चक्क रद्दी होते. पण सिनेमा यायच्या आधीचे ते महिने... त्या महिन्यांत मी बँकेत कसलीही कटकट झाली तरी सहन करू शकायचे. वडील गेले त्या वर्षी, आई गेली त्या वर्षी, दोन्ही वेळेला पुढे कधीतरी जहाज येणार होतं. लग्न न झालेल्या बाईला लोक फार काळजीने विचारतात की तुमचा वेळ कसा जातो. मी काय सांगणार, माझा वेळ वाट बघण्यात जातो आणि फार छान जातो. हे सुख आता माझ्याकडे नाही. दुःख कशाचं विचाराल तर हेमंतचं आहेच, पण त्याच्या शेजारी हेही आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

शेवटचा भाग जाहीर झाला तो दिवाळीचा मुहूर्त धरून. यानंतर जहाज नाही, असं त्या लोकांनी सांगून टाकलं होतं. गणपतीत हेमंतची पाठ दुखायला लागली. हिंजवडीच्या बसमध्ये तासन्‌तास बसून सगळ्यांचीच दुखते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. नवरात्रात मी त्याच्याकडे जेवायला गेले. तो ताटावर बसून इराला काहीतरी सांगत निवांत हसत होता, आईच्या हातच्या पुरणाची आठवण काढत होता. मी घास हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. गालाची हाडं वर आली होती. पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. मला कळलं आणि मी ताटावरून उठले. स्वयंपाकघरात मेघना माझ्या मागोमाग आली. ओट्याशी आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या होतो.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोटाचा स्कॅन करून घ्या म्हटलं. हेमंत म्हणाला, दिवाळीत जहाज येऊन जाऊ दे, मग करू. एकदा त्या लोकांच्या तावडीत सापडलो की पहिला खेळ चुकणार. दिवाळी तोंडावर आली आणि बातमी आली की सिनेमा पुढे गेला. तो काढणारी कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली होती, त्यांना शेवट बदलायचा होता म्हणे. आता संक्रांतीच्या सुमारास. हेमंतने स्कॅनसुद्धा संक्रांतीच्या पुढे नेला. मेघना भांडली, मी भांडले, मी तर त्याच्या दारात बसून राहिले की आज घेऊन गेल्याशिवाय उठणार नाही. तो माझ्यासाठी चहा घेऊन आला, शेजारी उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "ताई, आधी काही कळून घ्यायचं नाही असं ठरलंय ना आपलं?" हसत म्हणाला. त्या हसण्यामागे केवढी भीती होती ते मला दिसत होतं. नियमाचे कपडे घालून ती भीतीच आमच्यासमोर बसली होती. संक्रांत आली आणि सिनेमा पुन्हा पुढे गेला, उन्हाळ्यात. इतकी वर्षं जे लांबलं की आम्हाला हुरहूर लागायची, ते आता लांबलं की मला घाम फुटायचा. जहाज लवकर ये बाई, असं मी मनातल्या मनात म्हणायचे, आणि ते येत नव्हतं.

मार्चमध्ये एके सकाळी मेघनाने त्याला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि त्याचे डोळे बघितले. पिवळे झाले होते. मग मात्र तिने त्याचं काही ऐकलं नाही. स्वादुपिंडाचा आजार होता, बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं तेव्हा हेमंत बाहेर बाकावर बसून राहिला. आम्ही बाहेर आलो तसा त्याने वाहतूक पोलिसासारखा हात वर केला. "मला फक्त गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगा," म्हणाला.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून धडकी भरते. घरात सगळं नेहमीसारखं चालायचं. पेपर यायचा, दूध यायचं, इराची परीक्षा होती म्हणून हेमंत पलंगावर बसून तिचं भूगोलाचं पाठांतर घ्यायचा. आणि त्या घरात एक मोठी गोष्ट सगळ्यांच्या मध्ये उभी असायची आणि तिला वळसा घालून सगळे चालायचे. मेघना त्याच्याशी बोलायला बसली की तो हात वर करायचा. तिला त्याला कितीतरी विचारायचं होतं. इराला काय सांगायचं, कधी सांगायचं. त्याच्यामागे तिने इथेच राहायचं का माहेरच्या गावी जायचं. त्याला काही हवं आहे का, कुणाला भेटायचं आहे का. आणि विचारायचं सोडून नुसतंच त्याच्याजवळ बसून रडायचंही होतं. एक दिवस ती मला जिन्यात गाठून म्हणाली, "ताई, मी सारखी हसते हो त्याच्यासमोर. माझा जबडा दुखतो. हा असाच निघून गेला तर मी काय करू? मला एकदा, फक्त एकदा बोलायचंय त्याच्याशी." मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पेशंटला नको असेल तर सांगू नका, आशा असते माणसाला. त्यांचंही बरोबर होतं. मी सांगितलं आणि तो तिथेच खचला तर? आणि नाही सांगितलं तर मेघना जन्मभर त्या जिन्यातच उभी राहणार होती. औंधहून घरी जाताना बसमध्ये मी हेच उलटंसुलटं करत बसायचे आणि माझा स्टॉप मागे जायचा.

शेवटी तारीख पक्की झाली. सिनेमा येत्या पंधरवड्यात लागणार, असं कळलं. मी हेमंतला सांगायला गेले तेव्हा दुपार होती. तो भिंतीला उशी लावून टेकून बसला होता. खूप लहान दिसत होता. तारीख ऐकली आणि म्हणाला, "आजच उजळणी करू या, ताई." आदल्या संध्याकाळी करायची असते, हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मी आत जाऊन दडपे पोहे केले. ते त्याला खाता येणार नव्हते, त्याने ताटली नुसती मांडीवर घेतली आणि वास घेतला. मग पहिल्या भागापासून सांगायला लागला. जहाज निघालं, माणसं झोपली, तारा विझला. दुसऱ्या भागाशी त्याला धाप लागली, मग मी सांगितलं. मधल्या दोन रद्दी भागांना आम्ही दोघंही हसलो. मेघना दाराशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसली होती, तीही हसली, आणि घड्या घेऊन आत गेली. सगळे भाग सांगून झाले. खिडकीवरचा पडदा वाऱ्याने आत-बाहेर होत होता. हेमंत माझ्याकडे वळला.

"आता अंदाज सांग. या वेळी कोण?"

त्याला काय हवं होतं, मला आजही नक्की ठाऊक नाही. कदाचित मी टकल्याचं नाव घ्यावं, असं असेल. पण त्याचे ते पिवळे डोळे माझ्यावरून हलत नव्हते, आणि याआधी अंदाज विचारताना तो असा कधी बघत नसे.

"तू," मी म्हटलं.

मी हात पुढे केला तो त्याने धरला नाही. मग म्हणाला, "हे तू आधीच सांगून टाकलंस, ताई."

"हो. सांगितलं."

"मेघनाला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. हेमंत, बबनने तुला म्हाताऱ्याचं सांगून टाकलं होतं, आठवतं? तो पडद्यावर हसत होता आणि तुला एकट्याला माहीत होतं. तुला त्याच्याकडे बघवत नव्हतं. ती दीड महिना रोज तुझ्यासमोर तशी बसते आहे."

त्याने डोळ्यांवर हात घेतला. हात काडीसारखा झाला होता, त्याआडून त्याचं तोंड वेडंवाकडं होत होतं. मी त्याला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. मला वाटलं, मी मारलं याला. मग त्याने हात खाली घेतला आणि म्हणाला, "बोलाव तिला. आणि तू बाहेर बस."

मी मेघनाला आत पाठवलं, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. इरा शाळेतून आली, तिला मी खाली खेळायला पाठवलं. आतून कधी बोलण्याचा आवाज यायचा, कधी काहीच नाही, कधी दोघांचं रडणं, आणि एकदा तर हसणंसुद्धा. काय बोलले ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा मेघना बाहेर आली, तोंड धुतलं, आणि पदराला पुसता पुसता म्हणाली, "ताई, पोहे उरलेत का थोडे?" कितीतरी दिवसांनी मी तिला भुकेने खाताना बघत होते. दुसऱ्या दिवशी त्याने इराला जवळ घेऊन स्वतः सांगितलं. त्यानंतर तो फार काळ राहिला नाही. पण ते थोडे दिवस त्या घरात कुणाला वळसा घालून चालावं लागलं नाही.

तो गेल्यानंतरच्या शुक्रवारी सिनेमा लागला. तेराव्यानंतरच्या आठवड्यात मेघना आणि इरा तो बघायला गेल्या. समोरच्या बाईंनी जिन्यात मला थांबवून, अगं बाई, सिनेमाला गेल्या का, असं विचारलं. मी म्हटलं, हो, तिकिटं मिळाली, तुम्हाला हवी होती का? हेमंतनेच त्या दुपारी मेघनाला जायला सांगून ठेवलं होतं. मी का गेले नाही, हे मेघनाने मला नंतर सांगितलं. म्हणजे माझं मी ठरवलंच होतं न जायचं, पण त्यानेही तसंच सांगून ठेवलं होतं. "ताईला नेऊ नका. आणि शेवट काय झाला ते तिला कधी सांगू नका. तिला वाट बघायला काहीतरी राहू दे." मेघना हे सांगत होती तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मला ताटात काही दिसेना म्हणून मी ताट बाजूला ठेवलं.

माझ्या भावाने मला हे देऊन ठेवलं आहे. चांगलं दिलं का वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. वाट बघण्यात मजा असते ती येणारं यावं म्हणून. मी आता वाट बघते ती येऊ नये म्हणून. आज ना उद्या तो सिनेमा टीव्हीवर लागेल, त्याची झलक दिसली की मी टीव्ही बंद करते. बँकेत नवी लागलेली पोरं चहाला जमतात तिथे जहाज हा शब्द ऐकला की कप अर्धा टाकून उठते. त्या जहाजाचं काय होतं, सगळे तारे विझतात का, लाल केसांची तरी पोचते का कुठे... हे जोवर मला कळत नाही तोवर ते जहाज चाललेलं आहे, आणि हेमंतला पुढचं विचारायचं आहे. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तो माझ्यापुरता पुन्हा एकदा जाईल. तो दिवस येणार आहे, हे मला माहीत आहे.

मेघना आणि इरा सिनेमाहून थेट माझ्याकडे आल्या होत्या. बेल वाजली, मी दार उघडलं. इराचं काहीतरी ओठांवर आलं होतं आणि मेघनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघींनी आत्ताच शेवट पाहिलेला होता आणि चेहरे बघितले की मला कळतं. मी मान वर केली नाही. त्यांच्या चपलांकडे बघत या म्हटलं आणि वळून आत गेले, चहाचं आधण ठेवलं. आता दर रविवारी त्या येतात. अजूनही मी दार उघडते, खाली बघूनच त्यांना आत घेते आणि तडक ओट्याशी जाते. चहा होईपर्यंत त्या दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागतात, आणि मग मी वळते.